पानाच्या डब्यातली गोळी

ज्या महिन्यात हे गेले, त्याच महिन्याच्या शेवटी मी पानाचा डबा चिंच लावून घासला, उन्हात वाळवला आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. त्याला आता तीन वर्षं झाली.

डबा माझ्या सासूबाईंचा. पितळेचा, आत सहा कप्पे. त्या गेल्यावर घरात पान खाणारं कुणी उरलं नाही. पुढे यांना पहिला अटॅक आला, तेव्हा मी त्यात यांच्या गोळ्या ठेवू लागले. चुन्याच्या कप्प्यात बीपीची, काताच्या कप्प्यात साखरेची, सुपारीच्या कप्प्यात रक्त पातळ करायची, वेलचीच्या कप्प्यात कोलेस्टेरॉलची. संध्याकाळी बातम्या संपल्या की हे खुर्चीतूनच हाक मारत, "अलक, पान लाव." मी पाणी आणि डबा घेऊन जायची. जंगल खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, जन्मात कधी पान तोंडात घातलं नाही, आणि शेवटची चार वर्षं रोज पान मागत होते.

मी शाळेत गणित शिकवलं. आकडे मला सोडत नाहीत. चौदाशे साठ संध्याकाळी. डबा माळ्यावर टाकला तेव्हा मला दुःखापेक्षा थकवा जास्त होता, खरं तेच सांगते. नागपूरच्या दवाखान्यात शेवटी घशात नळी घालायची की नाही, ते मलाच विचारलं होतं. मी नाही म्हणाले. तेव्हापासून मला काही ठरवायचंच जिवावर येतं. भाजी कुठली करायची तेसुद्धा.

माझ्या मुलाला, संकेतला, हे समजत नाही. तो रायपूरला असतो, मी इथे मध्य प्रदेशात, बालाघाटला. या हिवाळ्यात मला शहात्तरावं लागलं, तेव्हा त्याने तिथूनच फोनवर माझ्या सगळ्या तपासण्या ठरवून टाकल्या. आदल्या संध्याकाळी लॅबमधल्या मुलीचा फोन आला. पिंकी तिचं नाव.

"आंटीजी, कल सुबह आठ बजे घर आऊँगी, खून लेने. उपवास रखना."

मी म्हटलं, "कल तो एकादशी है बेटा. मेरा उपवास ही है."

"अरे वा! फिर तो बढ़िया."

मलाही बरं वाटलं. एका कामात दोन कामं.

सकाळी अंघोळ, पूजा आटोपून मी साबुदाण्याची उसळ केली. पुण्या-मुंबईकडे तिला खिचडी म्हणतात. साजूक तूप, जिरं, भरपूर शेंगदाण्याचा कूट, वर दही. वाटीभर खाल्ली, चहा घेतला, आणि हात पुढे करून बसले. पिंकीने दंडाला रबर बांधताना पुन्हा विचारलं, "उपवास है ना, आंटीजी?"

"है, है. पक्का."

दुसऱ्या दिवशी संकेतचा फोन. रिपोर्ट आधी त्याच्याकडे गेला होता, माझ्या रक्ताचा असून.

"आई, रिपोर्ट पूर्ण लाल आहे."

"रक्ताचा आहे. लालच असणार."

"मजाक नको करू. एलडीएल एकशे बहात्तर आहे. ट्रायग्लिसराइड तीनशे चाळीस! दीडशेच्या खाली पाहिजे. काय खात असतेस तू?"

"भात."

"आणखी?"

"आणखी भात. बालाघाटात राहून दुसरं काय खाणार?"

"आई, बाबांचं पण असंच सुरू झालं होतं. ही कोलेस्टेरॉलची, स्टॅटिनची गोळी असते ना, ती सुरू करून टाक. एकच तर गोळी. इतकं काय?"

मी म्हटलं, "राहू दे रे."

"राहू दे म्हणजे काय? डॉक्टरकडे जाशील की नाही?"

जाते म्हणाले. हो म्हणायला कमी बोलावं लागतं.

डॉक्टर म्हणजे रीना. तिचा दवाखाना आहे तिथे पूर्वी धानाचं गोदाम होतं. शाळेत जाताना मला कोंड्याचा वास यायचा, आणि तो मला अजून येतो, कुणी काही म्हणो. रीना माझी विद्यार्थिनी, आणि आमच्या शाळेच्या शिपायाची, पुनारामची मुलगी. पुनाराम शाळेची घंटा घड्याळावर देत नसे. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीची शिट्टी ऐकून देई. गाडी उशिरा आली की शाळा उशिरा भरे, आणि त्याला कुणी रागवत नसे, कारण घड्याळ हेडमास्तरीणबाईंच्या खोलीत असे आणि त्यांची घड्याळाची किल्ली नेहमी हरवलेली. आता ती छोटी लाइनही नाही आणि पुनारामही नाही.

रीनाने रिपोर्ट पाहिला. भुवया वर गेल्या.

"बाई, हे तीनशे चाळीस कुठून आणलं? उपाशीपोटी दिलं होतं ना रक्त?"

"हौ. एकादशी होती. उपास होता माझा."

तिने पेन खाली ठेवलं. ती शाळेत असतानाही, कुणाचं गणित कुठे चुकलं ते तिला आधी दिसायचं.

"बाई. उपासाला काय खाल्लं?"

"उसळ. साबुदाण्याची."

"तुपातली?"

"मग काय तेलातली? उपासाला?"

रीना हसायला लागली. टेबलावर डोकं टेकवून हसली. बाहेरचे पेशंट दारातून वाकून पाहायला लागले. "बाई, त्या पोरीनं उपवास म्हटलं म्हणजे पोटात काहीच घालायचं नाही. आन तुमी तूप, दाणे, दही खाऊन हात पुढे केला! माझी आजी असती तर तिनंही हेच केलं असतं, पण ती बौद्ध होती, एकादशी करत नव्हती म्हणून वाचली."

मलाही हसू आलं. पुष्कळ दिवसांनी. म्हटलं, "चूक तिची. तिने निर्जळी आहे का, असं विचारायला पाहिजे होतं."

"सात-आठ दिवसांनी परत द्या. निर्जळी नाही, पाणी चालेल. पण फराळ बंद!"

ते सात-आठ दिवस मी हलकी होते. वाटलं, सगळी चूक त्या वाटीभर उसळीची. दुसरा रिपोर्ट चांगला येईल, काही ठरवावं लागणार नाही. संकेतला हा किस्सा सांगितला तर तोही हसला, आणि नातीने, श्रियाने, फोनवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली. आमच्याकडे काम करणारी तुळसाबाई मात्र हसली नाही. वीस वर्षांपासून ती येते. तिला स्वतःला बीपी आहे.

"मले तं रोज तीन गोळ्या आहेत बाई," ती भांडी घासता घासता म्हणाली. "चहासंगं गिळून टाकायच्या न् कामाले लागायचं. तुमी शिकलेले लोक गोळीचा इचारच लय करता."

पिंकी दुसऱ्यांदा आली तेव्हा दारातच म्हणाली, "आंटीजी, आज एकादशी तो नहीं है ना?" म्हणजे रीनाने तिला सांगितलं होतं. गावभर झालं असणार.

दुसऱ्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड एकशे अठ्ठावन्न झालं. ती उसळच होती. पण एलडीएल एकशे एकोणसत्तर. जागचं हललं नव्हतं.

"ते एका वाटीनं बदलत नसतं, बाई," रीना म्हणाली. आता ती हसत नव्हती. "ते तुमचंच आहे."

"मग लिहून दे गोळी."

तिने लिहिलं नाही. खुर्ची मागे सरकवली. "तुमाले साखर नाही, बीपी ठीक आहे, अटॅक कधी आला नाही. तुमचं वय पन्नास-साठ असतं तर मी विचारलंच नसतं, लिहून दिली असती. पंच्याहत्तरच्या पुढे, ज्याले अजून काही झालेलं नाही त्याले गोळीनं किती फायदा होतो, हे कोणालेच पक्कं माहीत नाही. असं समजा, तुमच्यासारख्या शंभर बायकांनी पाच वर्षं रोज गोळी घेतली. दोघी-तिघींचा अटॅक नाहीतर लकवा टळेल. बाकीच्यांना गोळी नसती तरी तेच झालं असतं, जे झालं."

"आणि त्या शंभरात मी कोणती?"

"तेच तर सांगता येत नाही ना. त्रास म्हणाल तर काहींच्या पिंडऱ्या, मांड्या दुखतात. दुखल्या तर बंद करायची. मधे एकदा रक्त तपासू. बहुतेक लोकांना काही होत नाही. घेतली तर चूक नाही. नाही घेतली तरी मी रागावणार नाही. तुमी ठरवा."

मला एकदम थकवा आला. मी म्हटलं, "रीना, तू डॉक्टर आहेस. तू सांग. मी ऐकते."

"तुमीच शिकवलं ना आमाले, उत्तर पाहायले पुस्तकाची मागची पानं उघडायची नाहीत?"

"ती पानं मी फाडून ठेवायची. तुमच्या हाती लागू नयेत म्हणून. माझ्याकडे होती ती."

"हे गणित मागं छापलेलंच नाही, बाई." मग तिने कागद पुढे ओढून विचारलं, "घरात कोणाले लकवा? आईवडलांत?"

"आईला. अठ्ठावन्नाव्या वर्षी."

तिने ते लिहून घेतलं. "हे वजनात धरा," एवढंच म्हणाली. चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाली, औषध आणायचं की नाही ते घरी जाऊन ठरवा. रविवारपर्यंत कळवा.

गोळ्यांची पट्टी मी वाटेतच घेतली. ती फ्रिजवर ठेवली. चार दिवस ती तिथेच होती. संकेत रोज विचारी, सुरू केलीस? मी म्हणे, राहू दे, बघू. त्याचं म्हणणं, शंभरात दोन का होईना, त्या दोघींत तू असलीस तर? माझं म्हणणं काहीच नव्हतं. पट्टीकडे पाहिलं की मला यांची पावलं दिसत, सुजलेली, आणि खुर्चीजवळ पाण्याचा पेला. एकदा एक गोळी घरात शिरली की तिच्यामागे दुसरी येते. मला पुन्हा ते घर नको होतं, ज्यात दिवस गोळ्यांच्या वेळांवर चालतो. आणि दुसरीकडे आईची खाट होती. दोन्हींकडे बघायची ताकद नव्हती, म्हणून मी खिडकीतून समोरच्या ऑटो स्टँडकडे बघत बसायची.

शुक्रवारी दुपारी तुळसाबाई स्वयंपाकघरातून आली आणि ओल्या हातांनी दारात उभी राहिली.

"बाई, एक इचारू? राग नका मानू."

"विचार."

"तुमी आजकाल काहीही इचारलं का 'राहू दे' म्हन्ता. भाजी काय करू, राहू दे. पडदे धुतो, राहू दे. काल पोळ्या टाकू का म्हटलं, राहू दे. मी पोळ्या नाही टाकल्या, तं तुमी जेवाले बसून ताटाकडे पाहत राह्यला. मले सांगा, तुमी राहू दे म्हन्ता तवा नेमकं काय राहू द्यायचं? मले समजतच नाही."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं राग आला. ती आत जाऊन जोरात भांडी आपटायला लागली.

माझं माहेर हट्टा गावचं. आई एका सकाळी बावडीवरून पाणी घेऊन आली, कळशी खाली ठेवली आणि तिच्याशेजारीच बसली, ती मग उठली नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सहा वर्षं खाटेवर होती. वाचा गेली म्हणते, पण दोन शब्द उरले होते. का तेच दोन उरले, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. राहू दे. बाकी सगळं आयुष्य ती सतत बोलणारी बाई होती, आणि त्यातलं एवढंच तिच्यापाशी राहिलं. पाणी हवं असलं तरी राहू दे. कूस बदलायची असली तरी राहू दे. मला पाहून डोळ्यांत पाणी यायचं आणि म्हणायची, राहू दे, राहू दे. वहिनी कुठलं राहू दे कशाचं ते स्वरावरून ओळखायची. मी फक्त शनिवारी बसने जायची, रविवारी संध्याकाळी परत. संकेत तेव्हा कडेवर होता. मला तिची ती भाषा नीट आली नाही.

थंडीचे दिवस होते. आईचे पाय बर्फासारखे लागले म्हणून मी गरम पाण्याची रबरी पिशवी पायांशी ठेवली आणि वरून पांघरूण घातलं. वहिनी शेजारी गेलेली. मी तिथेच खाली बसून सहामाहीचे पेपर तपासत होते. आई म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, असू दे ग, ऊब येईल. ती पुन्हा म्हणाली. तास-दीड तास म्हणत होती. मी एकदा तिचं कपाळ पुसलं, आणि पुन्हा पेपर घेतले. तिने राहू दे म्हटलं आणि मी राहू दिलं. वहिनी परत आली, दारातूनच तिने तो स्वर ऐकला आणि धावत जाऊन पांघरूण उचललं. डाव्या पायाला, ज्या पायात जीव होता त्या पायाला, तळहाताएवढा फोड आला होता.

जखम भरायला दोन महिने लागले. वहिनी मला एक शब्द बोलली नाही. हे मी यांनाही कधी पूर्ण सांगितलं नव्हतं. भाजलं होतं, एवढंच सांगितलं.

आत भांडी आपटणं थांबलं होतं. मी बसल्या जागी मोठ्याने म्हणून पाहिलं, "राहू दे." अगदी आईचा आवाज. मला अजून काहीही झालेलं नव्हतं. सगळे शब्द माझ्यापाशी होते, मराठीतले, हिंदीतले, गणितातले. आणि चार दिवस मुलाला, कामाच्या बाईला मी तेच दोन शब्द सांगत होते, आणि त्यांनी स्वरावरून ओळखावं म्हणून बसले होते.

मी उठून आत गेले. "तुळसा, माळ्यावर लुगड्यात गुंडाळलेला डबा आहे. तेवढा काढून दे."

"आत्ता? मी म्हटलं ते राहू द्या ना बाई—" ती बोलता बोलता थांबली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग ती स्टुलावर चढली.

डबा काळा पडला होता. मी तो घासला नाही. नुसता पुसला. वास चिंचेचा नव्हता, चुन्याचा नव्हता, औषधांचाही नव्हता. जुन्या कापडाचा होता.

संध्याकाळी बातम्यांच्या आधीच मी स्वतः संकेतला फोन लावला. तो घाबरला. मी आपणहून फोन करत नाही.

"काय झालं आई?"

"काही झालं नाही. ऐक, मधे बोलू नको. आजपासून मी ती गोळी घेणार आहे. रोज रात्रीचं जेवण झाल्यावर एक. तीन महिने. पिंडऱ्या दुखल्या तर रीनाला सांगून बंद करेन. बंद केली तर पुन्हा सुरू कर म्हणून माझ्या मागे लागायचं नाही. आणि हिच्यामागे आणखी एकही गोळी मी विचारल्याशिवाय घेणार नाही."

"बरं. चांगलं झालं. मग इतके दिवस काहून—"

"अजून संपलं नाही. गोळीने टळेलच असं रीनाही म्हणत नाही. शंभरातल्या दोघी-तिघी. तर मी कधी पडलेच, बोलता येईनासं झालं, आणि मी राहू दे, राहू दे म्हणाले, तर राहू द्यायचं नाही. पांघरूण उचलून पाहायचं. पायांपासून."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"आई, असं काय बोलतेस?"

"समजलं की नाही, तेवढं सांग."

"पांघरूण उचलून पाहायचं."

"पायांपासून."

"पायांपासून."

त्याला आजीचं फारसं आठवत नाही. पुढच्या वेळी आला की सांगेन, पायाचंही सांगेन. फोनवर सांगायचं ते नाही.

तुळसाबाई निघायच्या आधी पोळ्या टाकून गेली, न विचारता. जेवण झाल्यावर मी पट्टीतून गोळ्या सोडवल्या आणि डबा पुढ्यात घेतला. वेलचीच्या कप्प्यात टाकायच्या होत्या, यांच्या असायच्या तिथे. मग म्हटलं नको, तो यांचा. लवंगेच्या कप्प्यात टाकल्या, तो यांच्या वेळीही रिकामाच असे. बाकीचे पाच रिकामे. एक गोळी पाण्यासोबत घेतली. चव काही नव्हती.

झाकण लावलं. ते नीट बसत नाही, सासूबाईंच्या वेळीही बसत नव्हतं. वरून वरवंटा ठेवायच्या त्या. माझ्याकडे आता वरवंटा नाही. मी त्यावर पाण्याचा पेला उपडा ठेवला.